रुग्णाचे निदान आणि नदीचे निदान : मुठेच्या गाळापासून उजनीच्या पाण्यापर्यंतचे संशोधन

इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरून भीमा वाहते आणि दक्षिण सीमेवरून नीरा. तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. शेजारच्या बारामती शहरातून कऱ्हा वाहते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. पुणे शहर ओलांडून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते आणि ते पाणी पुढे उजनीच्या फुगवट्यात थांबते. उजनी धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात आहे. धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. ११७ टीएमसी क्षमतेच्या या यशवंतसागर जलाशयाचा मोठा फुगवटा मात्र इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या गावांना लागून आहे.

थोडक्यात, पुण्यातील माणूस जे पाणी वापरून सोडून देतो ते वाहत आपल्या दारात येते. पुण्यातल्या रुग्णालयांचे, घरांचे आणि कारखान्यांचे पाणीही त्यातच असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांतले ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले होते आणि त्यांत मुळा, मुठा, भीमा आणि नीरा या चारही नद्या आहेत.

या पाण्यावर आणि माणसाच्या आरोग्यावर एकाच वेळी काम करणारे संशोधन कोणते आहे, ते काय सांगते आणि बारामती-इंदापूरच्या तरुणांनी त्याचा उपयोग कसा करावा, याची माहिती आम्ही या लेखात एकत्र केली आहे. वैद्यकीय निदान आणि जलपरिसंस्था हे विषय महाविद्यालयात वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात. प्रत्यक्षात दोन्हींची साधने एकच आहेत, आणि ती समजून घेतली तर आपल्या गावाचे पाणी कोणाच्या भरवशावर सोडण्याची गरज उरत नाही.

दवाखान्यातली तपासणी आणि नदीतली तपासणी

ताप उतरत नाही, लघवीला जळजळ होते, जखम भरत नाही, अशा वेळी डॉक्टर 'कल्चर' करायला सांगतात. रक्ताचा, लघवीचा किंवा पुवाचा नमुना पोषक द्रव्यावर ठेवतात आणि त्यात कोणते जीवाणू वाढतात ते पाहतात. मग त्या जीवाणूंच्या थरावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, छोट्या गोल चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जीवाणू वाढत नाहीत ते औषध लागू पडते. जिच्या अगदी कडेपर्यंत जीवाणू वाढतात ते औषध निकामी ठरते. रिपोर्टवर औषधांच्या नावापुढे 'एस' आणि 'आर' ही अक्षरे असतात ती याचीच. 'एस' म्हणजे जीवाणू औषधाला दबतो, 'आर' म्हणजे तो औषधाला दाद देत नाही.

हीच चकत्यांची पद्धत सांडपाण्यातल्या किंवा नदीच्या गाळातल्या जीवाणूंवरही वापरता येते. कोरोनाच्या काळात सर्वांच्या तोंडी झालेली पीसीआर चाचणी नाकातल्या स्रावावर चालते तशी नदीच्या पाण्यावरही चालते. जीवाणूची ओळख पटवण्यासाठी त्याचे '१६ एस' नावाचे जनुक वाचतात. हे जनुक सर्व जीवाणूंमध्ये असते आणि प्रत्येकात थोडे वेगळे असते, म्हणून ते ओळखपत्रासारखे उपयोगी पडते. त्याहून पुढची पद्धत मेटाजीनोमिक्स. तिच्यात एकेक जीवाणू वाढवत न बसता नमुन्यातला सगळा डीएनए एकदम वाचतात आणि त्यात कोणाची जनुके आहेत ते संगणकावर शोधतात.

मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने घेऊन पोलिओच्या विषाणूवर पाळत ठेवली गेली. एकही मूल लुळे पडण्याआधी विषाणू वस्तीत फिरतो आहे हे गटाराच्या पाण्यावरून कळू शकते. एका माणसाच्या रक्ताची तपासणी एका माणसाबद्दल सांगते, तर वस्तीच्या सांडपाण्याची तपासणी सगळ्या वस्तीबद्दल सांगते, आणि तिथे कोणाला दवाखान्याचा खर्च परवडतो आणि कोणाला नाही हा भेद उरत नाही.

आतड्यापासून नदीपर्यंत : एका संशोधकाचे काम

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणजे एनसीसीएस आहे. डॉ. योगेश शौचे यांनी तेथे अनेक वर्षे जीवाणूंच्या विविधतेवर काम केले. माणसाच्या आतड्यातील जीवाणू, लोणार सरोवरातील जीवाणू, नाशिकच्या कुंभमेळ्यात गोदावरीच्या पाण्यात होणारे बदल असे त्यांच्या गटाचे विषय होते. गोदावरीवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सामूहिक स्नानाच्या काळात पाण्यातील जीवाणूंची संख्या वाढते आणि त्यांची विविधता घटते, असे त्यात दिसले. जुलाबावर डॉक्टर छोट्या कुप्यांतून जे उपयुक्त जीवाणू प्यायला देतात, त्यांच्या गटाला आता 'शौचेला' हे शास्त्रीय नाव आहे. ते डॉ. शौचे यांच्या सन्मानार्थ दिले गेले.

याच गटात तयार झालेले एक संशोधक म्हणजे डॉ. नचिकेत मराठे. त्यांचे प्रसिद्ध झालेले काम क्रमाने पाहिले तर वैद्यकीय निदान आणि नदी यांची सांगड कशी बसते ते स्पष्ट होते.

२०१२ : निरोगी भारतीय एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या आतड्यातील जीवाणूंची तुलना. वयानुसार हे जीवाणू कसे बदलतात, हा प्रश्न होता. एका घरात राहणारी, एकाच चुलीवरचे खाणारी माणसे घेतल्यामुळे वयाचा परिणाम वेगळा पाहता आला.

२०१३ : औषधे बनवणाऱ्या अनेक कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील जीवाणूंचा अभ्यास. ९३ प्रकारच्या जीवाणूंवर ३९ प्रतिजैविके चकतीच्या पद्धतीने तपासली. त्यांतले ८६ टक्के जीवाणू २० किंवा त्याहून जास्त औषधांना दाद देत नव्हते. पाणी शुद्ध करण्यासाठी उभारलेले केंद्रच अशा जीवाणूंचे कोठार झाले होते.

२०१७ : पुण्याच्या मुठा नदीतील गाळाचा अभ्यास. हे काम त्यांनी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांबरोबर केले. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

२०१८ : प्रतिजैविकांच्या उत्पादनातील सांडपाण्याने दूषित झालेल्या भारतीय नदीच्या गाळातून प्रतिरोधाचे एक नवे जनुक शोधले. कार्बापेनेम ही रुग्णालयात अगदी शेवटी वापरायची औषधे या जनुकामुळे निकामी होतात.

२०१९ : भारतातील एका रुग्णालयाच्या सांडपाण्याचा अभ्यास. त्यातही कार्बापेनेम निकामी करणारी, आधी नोंद नसलेली जनुके सापडली.

डॉ. मराठे यांनी पुढे नॉर्वेतील बर्गन येथील समुद्र संशोधन संस्थेत काम केले. पुण्यातल्या माणसाच्या आतड्यापासून सुरू झालेला त्यांचा प्रश्न समुद्राच्या पाण्यापर्यंत गेला आहे. प्रश्न एकच आहे : माणसाच्या शरीरात औषधाला न जुमानणारे जीवाणू येतात कुठून आणि जातात कुठे?

मुठेच्या गाळात काय सापडले

मुठेच्या अभ्यासात शहराच्या वरच्या बाजूचा आणि शहरातला गाळ घेऊन त्यातला सगळा डीएनए वाचण्यात आला. शहराच्या वरच्या बाजूपेक्षा शहरातल्या गाळात प्रतिरोधक जनुके कितीतरी पटींनी जास्त होती. त्यांत कार्बापेनेमसारखी शेवटचा आधार असलेली औषधे निकामी करणारी जनुकेही होती. कारण स्पष्ट होते. प्रक्रिया न केलेले शहरी मैलापाणी नदीत जात होते.

अशी जनुके पाण्यात सापडण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०११ मध्ये दिल्लीत रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले गेले. 'एनडीएम-१' नावाचे जनुक साचलेल्या पाण्याच्या ५१ आणि नळाच्या पाण्याच्या २ नमुन्यांत सापडले. त्या वेळी देशात चर्चा झाली ती जनुकाला 'नवी दिल्ली' हे नाव का दिले यावर. नळाच्या पाण्याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

या जनुकांचा धोका समजून घ्यायला एक गोष्ट लक्षात ठेवावी. जीवाणू आपली काही जनुके शेजारच्या वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. नदीतला निरुपद्रवी जीवाणू असे जनुक बाळगून असेल आणि तेच पुढे रोग करणाऱ्या जीवाणूकडे गेले, तर रुग्णालयातला साधा संसर्गही आटोक्यात येत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मरण पावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्यकर्त्यांनी इथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. एक, हा अभ्यास पुण्यातल्या मुठेच्या गाळाचा आहे. त्याच्या आधारे 'उजनीचे पाणी पिऊन अमुक रोग होतो' असे म्हणता येत नाही. दोन, गाळात जनुक सापडणे म्हणजे माणूस आजारी पडणे नव्हे. पण नदी खाली वाहते, आणि वरच्या शहरात जे सापडले ते खालच्या जलाशयात शोधा अशी मागणी करायला हा अभ्यास भक्कम आधार आहे. निवेदनात 'पाणी खराब आहे' असे लिहिण्यापेक्षा 'मुठेच्या २०१७ च्या अभ्यासासारखी तपासणी भिगवण आणि पळसदेव येथे करा' असे लिहिले तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये जपानच्या कर्जसाहाय्याने ९९० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात दररोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाण्यावर प्रक्रिया करणारी ११ केंद्रे होती. अशा प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे मागणे हा पुण्याच्या नागरिकांइतकाच इंदापूरच्या नागरिकांचाही हक्क आहे.

बारामतीत माशाच्या रक्ताची तपासणी

बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था २००९ मध्ये स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार, प्रदूषण यांचा पिकांवर, जनावरांवर आणि माशांवर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. येथील शास्त्रज्ञ डॉ. नीरज कुमार यांनी पंगस जातीच्या माशांवर बरेच काम प्रसिद्ध केले आहे. पाण्यात अमोनिया, आर्सेनिक किंवा शिसे वाढले, त्यातच तापमानही वाढले तर माशाच्या शरीरात काय घडते आणि खाद्यात सेलेनियम किंवा जस्त दिल्याने तो ताण कमी होतो का, हे ते तपासतात.

आपल्या विषयाला जोडणारी गोष्ट अशी, की या माशांवर ज्या चाचण्या होतात त्यांतल्या कितीतरी आपल्याही होतात. कावीळ झाल्यावर आपण यकृताची एसजीओटी आणि एसजीपीटी ही तपासणी करतो. माशाच्या यकृतावर ताण आला की हीच विकरे मोजतात. मधुमेहासाठी आपण रक्तातली साखर पाहतो. माशालाही ताण आला की त्याच्या रक्तातली साखर आणि कॉर्टिसॉल वाढते. फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतमजुराच्या रक्तात कोलिनएस्टरेज तपासतात, कारण काही कीटकनाशके हे विकर बंद पाडतात. माशाच्या मेंदूतही तेच विकर मोजतात.

उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात फवारणीला जाणारे मजूर कोण आहेत आणि जलाशयावर मासे धरणारे कोण आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भिगवणच्या बाजारात येणारी चिलापी आणि फवारणी करून घरी आलेला मजूर एकाच पाण्याशी आणि एकाच औषधाशी झुंजत असतात. म्हणून माशाच्या रक्ताचा अभ्यास आपल्यापासून दूरचा नाही.

भीमेच्या खोऱ्यातील माशांची जुनी नोंदही आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांवरचा प्रबंध १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यात भीमेतील माशांची वर्णने आहेत. चिनी भिक्खू फाहियान यांच्या प्रवासवर्णनाच्या आधारे प्राचीन भारतातील बौद्ध समाजाबद्दल १८४१ मध्ये दीर्घ लेख लिहिणारे साइक्स हेच. १८० वर्षांपूर्वीची ती नोंद असल्यामुळेच आज कोणते मासे राहिले आणि कोणते गेले याची तुलना करता येते. पुण्यातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी २००३ मध्ये जुन्या नोंदींशी अशीच तुलना करून पुणे जिल्ह्यातील माशांच्या जातींमध्ये झालेले बदल मांडले. आज आपण जी नोंद ठेवू ती पुढच्या पिढीला अशीच कामाला येईल.

परिस्सावन, चवदार तळे आणि पाण्याची शुद्धता

भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई यांच्याबरोबर परिस्सावन आहे. परिस्सावन म्हणजे पाणी गाळण्याचे फडके. सजीव असलेले पाणी जाणूनबुजून वापरू नये असा विनयाचा नियम आहे. आजारी नसताना पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये असाही नियम आहे. पाण्यातल्या जिवाचे रक्षण आणि पाणी पिणाऱ्या माणसाचे रक्षण, या दोन्ही गोष्टी संघाने अडीच हजार वर्षांपूर्वी एकत्र पाहिल्या. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः धुऊन स्वच्छ केले, हा प्रसंगही विनयातच आहे.

गाळण्याच्या फडक्याचे महत्त्व आधुनिक विज्ञानानेही मोजले आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांनी पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जीवाणू पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो हे दाखवले. तो रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात येतो एवढेच खरे नाही, तर पाण्यात तो आपले घर करून असतो. मग बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या घालून त्यातून पाणी गाळायला शिकवले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा गावांतील पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाले. पाण्यातल्या जिवाचा अभ्यास आणि रोगाचे निदान एकत्र आले तेव्हा घरातल्या जुन्या साडीने हे साधले.

याच ठिकाणी महाडची आठवण येते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून १०८ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात ओतून त्याचे 'शुद्धीकरण' केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी अशुद्ध होते आणि शेणाने शुद्ध होते, असा तो दावा होता. या दाव्याला कायद्याने उत्तर दिले ते १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने. विज्ञानाचे उत्तर तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जीवाणू एकही सापडता कामा नये. पाणी कोण प्यायले याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

ज्या समाजाला पाण्याला हात लावू दिला नाही, त्या समाजाच्या मुलामुलींनी आज पाण्याची शुद्धता मोजणारे व्हावे, यात महाडच्या लढ्याचा पुढचा टप्पा आहे असे आम्ही मानतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. नदीचे खोरे हा एकच घटक मानून नियोजन करावे या धोरणाला त्यांनी त्या काळात चालना दिली. पुण्याचे मैलापाणी आणि इंदापूरचा पिण्याचा हंडा एकाच खोऱ्यात येतात, हे त्याच दृष्टीने पाहायला हवे.

शोधनिबंध कसा वाचावा

व्हॉट्सअॅपवर 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असे लिहिलेले पुष्कळ येते. एहिपस्सिको, म्हणजे या आणि स्वतः पाहा, ही धम्माची शिकवण इथे लावावी. शोधनिबंध हाती आला की पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. नमुना कुठून आणि कधी घेतला? पावसाळ्यातली नदी आणि एप्रिलमधली नदी यांचे आकडे एकत्र करता येत नाहीत.

२. किती नमुने होते? एका बाटलीवरून सगळ्या जलाशयाचा निष्कर्ष निघत नाही.

३. तुलना कशाशी केली? मुठेच्या अभ्यासाचे बळ शहराच्या वरचा गाळ आणि शहरातला गाळ शेजारी ठेवण्यात आहे.

४. काय मोजले? जिवंत जीवाणू, त्यांचे जनुक, की फक्त रसायन? तिन्हींचे अर्थ वेगळे.

५. कोणत्या नियतकालिकात आले? पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पुष्कळ झाली आहेत. यूजीसीने २०१९ मध्ये त्यासाठी 'केअर' यादी केली होती, पण २०२५ मध्ये ती बंद केली. आता निवडीची जबाबदारी संशोधकावर आणि महाविद्यालयावर जास्त आहे. निबंधाला डीओआय क्रमांक आहे का आणि तो उघडल्यावर तोच निबंध दिसतो का, एवढे तरी तपासावे.

६. मूळ माहिती जमा केली आहे का? जनुकांची माहिती सार्वजनिक संगणक-कोठारात आणि जीवाणू राष्ट्रीय संग्रहात ठेवलेले असतील तर दुसरा संशोधक ते पुन्हा तपासू शकतो.

शास्त्रज्ञाच्या निबंधांची नुसती संख्या पाहून त्याला मोठे ठरवू नये. एका प्रश्नातून दुसरा प्रश्न कसा निघाला ते पाहावे.

गावात काय करता येईल

जीवाणूंची जनुके वाचण्याची यंत्रे गावात नसतात. पण पहिली पायरी गावातच आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. आज ती एच-टू-एस बाटली म्हणून ओळखली जाते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतले जीवाणू असण्याची शक्यता आहे असे समजायचे आणि पक्क्या तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. टीसीएल पावडर टाकली की नाही हे तो ओटी चाचणीने पाहतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे आणि बौद्धवस्तीतला हातपंप किंवा टाकी त्या सर्वेक्षणात होती का, हे ग्रामसभेत विचारावे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्या पाच जणींत आपल्या वस्तीतली एक तरी असावी, हा आग्रह धरावा. रासायनिक आणि जैविक तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत.

दवाखान्यातही हेच भान ठेवावे. विषमज्वर म्हणजे टायफॉइडसाठी केली जाणारी विडाल चाचणी पुष्कळदा चुकीचे उत्तर देते. रक्ताचे कल्चर जास्त विश्वासाचे असते, आणि ते औषध सुरू करण्याआधी घेतलेले बरे. डॉक्टरांना तसे विचारण्यात संकोच नसावा. मेडिकल दुकानातून स्वतःच प्रतिजैविक आणणे आणि बरे वाटताच अर्धवट सोडणे या दोन्ही सवयींमुळे तेच प्रतिरोधक जीवाणू वाढतात जे पुढे नदीत जातात.

संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जवळच संस्था आहेत. बारामतीत १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि माळेगाव खुर्दला ताण व्यवस्थापन संस्था आहे. पीएचडीसाठी बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आणि केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. तो हक्क अर्ज भरून वापरायचा आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रकल्पाचा विषय निवडताना घराजवळची नदी पाहावी. कऱ्हा, नीरा, भीमा आणि उजनीचा फुगवटा येथे काम करायला विषयांची कमतरता नाही. एकाच घाटावरून दर महिन्याला एक नमुना असे तीन वर्षे सातत्याने घेतलेले साधे आकडेही आज आपल्याकडे नसलेली गोष्ट आहे. बुद्ध जयंती आणि महाड क्रांतिदिन या दिवशी विहारात व्याख्यान होते, तसे वस्तीतल्या पाण्याच्या तपासणीचे निकालही विहाराच्या फलकावर लागावेत. पुण्याच्या महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्रश्न विचारताना ते आकडे आपल्या हाती असतील.